डिझेल कॅरॅव्हॅनचं कूलिंग: कुठे बघायचं, काय स्वतः करायचं

आमच्या घरी कॅरॅव्हॅन नवरा चालवतो आणि बॉनेट मी उघडते. ही वाटणी कसारा घाटात झाली. मे महिना, दुपारचे दोन, एसी चालू, मागे सासूबाई आडव्या झालेल्या, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधूनच लाल पट्टीकडे सरकायला लागला. दोन वळणं गेली आणि वाफ. मागून येणारा टँकरवाला थांबला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पानी डालो, चलेगा." आम्ही पिण्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं, गाडी चालली, इगतपुरीत पुन्हा तापली. पुढचं दीड वर्ष आमचं हेच चाललं होतं. पाणी ओता, गाडी चालवा, गॅरेजला पैसे द्या.

त्या दीड वर्षात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. आमची गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत उभी असते. तुमची दुसऱ्या चेसिसवर असेल, बसवर बांधलेली असेल, तरी कूलिंगचं काम त्याच पद्धतीने चालतं.

सुरुवातीलाच एक सांगते. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा तिचं कूलिंग तिच्या वजनाला आणि आपल्या उन्हाला पुरेसं असतं. नंतर आपण तिच्यात घर बांधतो. मागचा एसी, फ्रिज, इन्व्हर्टर, पुढे दिवे, जाळ्या, काहींच्या गाडीत इंजिनच्या गरम कूलंटवर (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवावर) चालणारी अंघोळीच्या पाण्याची टाकीसुद्धा. आमच्या दोन्ही मोठ्या बिघाडांचं मूळ या हौशीच्या सामानात निघालं. त्यामुळे गाडी हीट झाली की पहिला प्रश्न हा: गाडी घेतल्यापासून आपण तिला काय काय जोडलं?

१. कागद आणि हत्यारं जमवा

कागद फार नाहीत, पण ते नसले की पार्टवाल्याच्या दुकानात तासभर जातो.

- आरसीचा स्वच्छ फोटो. पार्टवाला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर विचारतो. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) गाडीचे होज पाइप दिसायला सारखे असले तरी बसतीलच असं नाही.
- गाडीचं मॅन्युअल. त्यातून चार गोष्टी काढून घ्या: कूलंटचा प्रकार, सिस्टिममध्ये एकूण किती लिटर मावतं, रेडिएटरच्या (कूलंटला वाऱ्याने थंड करणाऱ्या पुढच्या जाळीदार भागाच्या) टोपीचं प्रेशर आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) किती अंशांना उघडतो. मी हे चार आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात आतून चिकटवले आहेत.
- ज्याने कॅरॅव्हॅन बांधली त्याच्याकडून वायरिंगचा आणि पाइपांचा नकाशा. त्याने काढलेला नसेल तर हाताने काढून घ्या. गाडी ताब्यात घेण्याआधी मागा, नंतर फोन उचलला जात नाही.
- विम्यातल्या रोडसाइड असिस्टन्सचा कागद. आपल्या वजनाची आणि उंचीची गाडी उचलणार का, हे आधीच विचारून ठेवा. कार उचलणारी क्रेन साडेतीन टनांच्या गाडीला काही करू शकत नाही.

हत्यारांत रिंगपान्यांचा सेट, पकड, मोठा आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर, नरसाळं, पंधरा लिटर मावेल असा पसरट टब, टॉर्च, रबरी हातमोजे, जाड जुना टॉवेल, मल्टिमीटर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर चालत नाही. तो तापाच्या पलीकडचं काही दाखवत नाही. मी आधी तोच घेऊन बसले होते.

गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. आणि सोसायटीत काम करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. वॉचमनने दोनदा हटकल्यावर काम निम्म्यात सोडणं वाईट.

२. गाडी थंड असताना ओळख करून घ्या

रविवारी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर हे करा.

टोपी कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत ती रेडिएटरवर असते, काहींत प्लास्टिकच्या बाटलीवर. बाटलीवर प्रेशरची टोपी असेल तर ती बाटलीसुद्धा दाबाखाली असते, नुसती जादा कूलंटची बरणी नसते. बाटलीवरच्या कमी-जास्तच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी.

वरचा जाड होज इंजिनकडून गरम कूलंट रेडिएटरला नेतो आणि खालचा थंड झालेलं परत आणतो. दोन्ही बोटांनी दाबून बघा. नवा होज घट्ट आणि लवचिक लागतो. फुगलेला, आतून कुरकुरणारा किंवा क्लिपजवळ चिरा पडलेला असेल तर बदलाच. उंदरांचे दात शोधा. ठाण्यातल्या पार्किंगमध्ये महिनाभर न हललेली गाडी म्हणजे उंदरांना तयार घरच.

वॉटर पंपाला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब गळत असेल किंवा वाळलेल्या कूलंटचा पांढरा-हिरवा ओघळ दिसत असेल तर आतलं सील गेलं. हे भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. सील गेल्याची ती सूचना असते, बुजवलंत तर पाणी बेअरिंगमध्ये जाईल. पंपाची पुली हाताने हलवून बघा, खडखडली तर वॉटर बॉडी बदलायची वेळ आली.

शेवटी ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात कूलंट मिसळलंय, पुढचं काही करू नका. गाडी स्टार्टही करू नका, मेकॅनिकला बोलवा.

३. नेमकी कधी तापते ते टिपून ठेवा

गॅरेजात जाण्याआधी हे टिपण तुमच्या हातात हवं. "गाडी गरम होते" एवढंच सांगितलंत तर मेकॅनिक त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते बदलेल.

ट्रॅफिकमध्ये रांगताना तापते आणि मोकळा रस्ता मिळाला की निवळते, तर संशय फॅनवर. वेग असताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनने ओढावा लागतो. चढावर आणि वजन असताना तापते पण सिग्नलला नीट असते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा वॉटर बॉडी कमजोर. थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत होज दगडासारखे कडक होत असतील, बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं. कूलंट कुठेही गळताना दिसत नाही पण कमी होतंय आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग). बीएस-६ गाड्यांत हा कूलर तपासायला मेकॅनिक हमखास विसरतात.

आम्हाला घोडबंदरला राहण्याचा एकच फायदा आहे: गायमुख घाट दारात आहे. चढ आहे आणि ट्रॅफिक आहे, म्हणजे एका फेरीत दोन्ही परीक्षा. नवी मुंबईकरांना हेच काम शिळफाट्याहून मुंब्रा बायपासवर जमेल.

काट्यावर फार विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो, तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीचं (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारं) छोटं डोंगल लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. आणखी एक धोका: कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. "काटा उतरला, बरं झालं" म्हणत तसंच पुढे गेलात तर इंजिन जाम होईल.

४. रेडिएटर बाहेरून धुवा

आमचा पहिला बिघाड इथला. उंदरांनी एकदा वायर कुरतडली म्हणून मी ग्रिलच्या आत खिडकीच्या डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी बसवून घेतली. स्वतःवर खूश होते. त्या जाळीत घोडबंदरची धूळ बसली, मेट्रोच्या कामाची सिमेंट बसली, किडे बसले, आणि कसारा घाटात इंजिनला वारा मिळेना. उंदीर तर खालून येतच होते. जाळी काढली, काटा निम्मा सुधारला.

ग्रिलच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, टर्बो गाडीत इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा) आणि त्यामागे रेडिएटर. मळ त्यांच्या मधल्या फटीत साठतो. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. मागून टॉर्च लावा आणि समोरून पाहा: उजेड किती ठिकाणी आरपार येत नाही ते दिसेल.

इंजिन पूर्ण थंड हवं. बागेच्या साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर पाणी मारा, म्हणजे मळ आला त्या वाटेने परत जाईल. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पातळ पाती वाकतात आणि होता तेवढा वाराही बंद होतो. वाकलेली पाती जुन्या कंगव्याने किंवा लाकडी काडीने हलक्या हाताने सरळ होतात.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, ज्याला श्राउड म्हणतात, जागेवर आहे ना बघा. रेडिएटर काढ-घाल करताना हे गॅरेजातच राहून जातं. ते नसलं की फॅन इंजिनकडचीच गरम हवा फिरवत बसतो.

फॅन तपासताना: इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावल्यावर फिरायला हवा. तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून आत हात घालण्याआधी किल्ली काढून खिशात. ओढणी, पदर, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळं आवरून घ्या. व्हिस्कस फॅन (इंजिनवरच फिरणारा, मध्ये तेलाचा क्लच असलेला) असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने फिरवा. तो जड लागायला हवा. भिंगरीसारखा फिरत राहिला किंवा मधल्या गोळ्याभोवती तेलकट डाग असला तर क्लच गेला.

५. टोपी आणि थर्मोस्टॅट

ज्याने कुकर वापरला आहे त्याला रेडिएटरची टोपी समजावून सांगायला नको. सुमारे १ बार दाब असला तर साधं पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की तो दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर फेकलं जातं. लोक मग रेडिएटर बदलतात. टोपी दोन मिसळींच्या पैशात येते, आधी ती बदला. आकडा मात्र जुन्या टोपीवरचाच घ्या. "जास्त प्रेशरची लावतो, चांगली असते" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, होज फुटतात.

थर्मोस्टॅट काढला तर घरी तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर, मंद गॅस. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी निवळल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

"आपल्याकडे थंडी कुठे असते, थर्मोस्टॅट काढून टाकू" हा सल्ला तुम्हाला कमीत कमी तीनदा मिळेल. ऐकू नका. डिझेल इंजिन गार राहिलं की डिझेल जास्त खातं आणि काजळी धरतं. बऱ्याच इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, गरम कूलंट रेडिएटरला न जाताच परत फिरतं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

६. कूलंट बदला

याला अर्धा दिवस ठेवा.

पहिला गैरसमज: बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली रसायनं आतला धातू गंजण्यापासून वाचवतात, पंपाच्या सीलला वंगण देतात. बस किंवा ट्रकच्या चेसिसवर कॅरॅव्हॅन असेल तर आणखी एक कारण आहे. या मोठ्या डिझेलांत बहुधा वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरची भिंत थेट कूलंटमध्ये बुडालेली असते. प्रत्येक स्फोटाने ती थरथरते, तिच्यावर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोचून टोचून खातात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात काही काळाने लायनरला आरपार भोक पडू शकतं. अशा इंजिनाला हेवी-ड्यूटी डिझेलसाठीचंच कूलंट लागतं.

दुसरा गैरसमज: रंग बघून कूलंट घ्यायचं. हिरवं, गुलाबी, नारिंगी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात. मॅन्युअलमधला प्रकार डब्यावर शोधा. दोन प्रकार मिसळले तर आयुष्य घटतं, कधी आत जेलीसारखा गाळ होतो. डबा रेडी-टू-यूज आहे की कॉन्सन्ट्रेट हेही वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर पाण्याचं प्रमाण डब्यावर असतं, १:१ किंवा १:३. "जास्त घातलं तर जास्त थंड" असं होत नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

पाणी डिस्टिल्डच. सोसायटीच्या बोअरचं पाणी नको, नळाचंही नको. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचे कॅन मिळतात. बीएस-६ गाडीत निळ्या झाकणाची अ‍ॅडब्लूची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर नरसाळं घेऊन तिकडे जाऊ नका.

आता कृती. इंजिन थंड. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे त्याच्या वाटेतलंही जुनं निघेल. टोपी काढा, टब खाली सरकवा, रेडिएटरच्या तळाची चावी सोडा. ती अडकली असेल तर जबरदस्ती नको, प्लास्टिकची असते आणि तुटते, खालचा होजच सोडा. निघालेलं मोजा. आमच्या टबात पहिल्यांदा गंजाच्या रंगाचं, तळाला वाळू बसलेलं पाणी पडलं. टँकरवाल्याचा सल्ला आम्ही किती वेळा पाळला होता, ते तिथे दिसलं.

मग डिस्टिल्ड पाणी भरा, वरचा होज गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. आम्हाला चार फेऱ्या लागल्या.

भरताना नवखे इथे फसतात. कितीही सोडलं तरी इंजिनच्या पोटात काही लिटर पाणी राहतंच. त्यावर रेडी-टू-यूज ओतलंत तर ते पातळ होतं. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट वापरा. समजा एकूण क्षमता १२ लिटर आहे आणि निम्मं-निम्मं मिश्रण हवं, तर आधी ६ लिटर कॉन्सन्ट्रेट मोजून घाला, मग पातळीपर्यंत डिस्टिल्ड पाणी.

त्यानंतर हवा काढायची. गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, सोसायटीचा रॅम्प उत्तम. हीटर गरमवरच, सावकाश ओता, मधे मधे होज दाबा. एअर स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सैल ठेवा. टोपी उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालवा. वरचा होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरा, बुडबुडे थांबले की टोपी लावा. मागे गरम पाण्याची टाकी किंवा हीटर जोडलेला असेल तर त्या लांब पाइपांत हवा सगळ्यात जास्त अडकते, तिचा सगळ्यात वरचा जोड सैल करून तिथूनही काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असणारच.

जुनं कूलंट गटारात नको. ठाण्याची आणि नवी मुंबईची पावसाळी गटारं शेवटी खाडीतच जातात, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी. सोसायटीतलं मांजर चाटायला येतं. सांडलेलं पाण्याने धुण्याआधी लाकडाच्या भुश्याने टिपा, टबातलं कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

७. अर्थिंग (निगेटिव्ह वायरची जोडणी) तपासा, हे कोणी सांगत नाही

जाळी काढली, कूलंट बदललं, सहा महिने छान गेले. मग रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. नवा रेडिएटर घातला. आठ महिन्यांनी त्यालाही तसंच भोक. पार्टवाला म्हणे तुम्ही पाणी चुकीचं घातलं, मेकॅनिक म्हणे माल डुप्लिकेट. शेवटी तुर्भ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने टोपी उघडली आणि मल्टिमीटरची लाल सुई सरळ कूलंटमध्ये बुडवली. मी हसले. त्याने फ्रिज चालू करायला सांगितला आणि आकडा उडी मारून वर गेला.

कॅरॅव्हॅन बांधणाऱ्याने फ्रिजची निगेटिव्ह वायर रेडिएटरच्या आधाराच्या पट्टीला, रंग न खरवडता, एका बोल्टखाली दाबून टाकली होती. वीज परतीची सोपी वाट शोधते. तिला ती कूलंटमधून मिळाली आणि अ‍ॅल्युमिनियम खात गेली.

घरी करायचं ते असं. इंजिन थंड, बंद, टोपी उघडी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सुई कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना आकडा ०.३ व्होल्टच्या वर असेल तर कूलंट थकलं, बदला. मग एकेक चालू करा: हेडलाइट, ब्लोअर, फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर. ज्याच्या वेळी आकडा उडेल त्याचं अर्थिंग खराब. शेवटी कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगून बघा, हात फॅनपासून लांब.

उपाय स्वस्त आहे. त्या वस्तूची निगेटिव्ह पुरेशा जाड वायरने थेट बॅटरीपर्यंत किंवा चेसिसच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ बोल्टपर्यंत न्या, टोकाला दाबून बसवलेली लग (धातूची कडी), वर ग्रीस. आमचा तिसरा रेडिएटर अजून शाबूत आहे.

८. रेडिएटरवाल्याकडे जाताना

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर झाळता येतो, आत सळया घालून नळ्या मोकळ्या करता येतात, म्हणजे रॉडिंग. अ‍ॅल्युमिनियमचा कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला नवा रेडिएटर तसा दुरुस्त होत नाही. टाकी बदलून मिळते, कोअर फुटला तर बहुधा नवाच. इपॉक्सी लावून देणारे भेटतील. घरापर्यंत पोचायला ठीक, लेहला जायला नाही.

गळती सापडत नसेल तर प्रेशर टेस्टर लावायला सांगा: टोपीच्या जागी हातपंप, टोपीवरच्या आकड्याएवढा दाब, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पंपावरचा दाबाचा काटा उतरला म्हणजे गळतंय. ही टेस्ट करायला जो कंटाळतो आणि थेट "हेड खोलावं लागेल, ताई" म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणा. मी एकदा आणली आहे. त्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर सगळा वेळ नवऱ्याकडे बघून दिलं होतं, तो राग वेगळा.

रेडिएटरमध्ये हळद टाकणं ही हायवेवरची जुनी युक्ती. बारीक भोक तात्पुरतं बुजतंही. पण तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. गळती बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच. नाइलाजाने टाकलीच तर घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे सगळं धुऊन काढणं.

काम झालं की गरम इंजिनवर इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या आणि खालच्या होजचे आकडे लिहून ठेवा. चकचकीत धातूवर तो चुकीचं दाखवतो, काळ्या रबरावर धरा. पुढच्या वर्षी तुलना करायला हे आकडे लागतात.

९. घाटात तापलीच तर

काटा चढायला लागल्याबरोबर एसी बंद, खिडक्या उघड्या, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर. मे महिन्यात हे ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. खालचा गिअर टाका, म्हणजे फॅन आणि पंप वेगाने फिरतील.

तरी चढतोय तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, मागच्या चाकाला दगड. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-चार मिनिटं आयडलवर चालू द्या, कूलंट फिरत राहतं. वाफ असेल, खाली धार लागली असेल, तर तत्क्षणी बंद.

टोपीला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा होज हाताने दाबता येईल इतका निवळला की टॉवेल टाकून टोपी पाव फेरा सैल करा, फुसफुस थांबली की मग काढा. पाणी थोडं थोडं, इंजिन चालू असताना घाला. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. यासाठी मी पाच लिटर डिस्टिल्ड पाणी, एक जादा टोपी, दोन होज क्लिपा आणि फॅन बेल्ट सीटखाली कायम ठेवते.

पाणी भरल्यावरही पुन्हा तापली तर चालवत नेऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला, म्हणजे महामार्गाच्या मदतीच्या नंबरला, फोन करा. क्रेनवाल्याला गाडी मागच्या चाकांवर चालते हे सांगा, म्हणजे तो एक तर प्लॅटफॉर्मची गाडी आणेल किंवा ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडेल. मागची चाकं जमिनीवर ठेवून तशीच लांबवर ओढली तर कूलिंगसोबत गिअरबॉक्सचंही काम निघेल. आणि निघताना चाकाखालचा दगड उचलून कठड्याकडे टाका, मागून रात्री कोणीतरी मोटरसायकलवर येतच असतं.